तुमचं पहिलं ई-पुस्तक कशावर वाचलंत? (अनुभव धागा)

अर्धं पान

दसऱ्याच्या आवराआवरीसाठी परवा आत्याकडे सदाशिव पेठेत गेलो होतो. माळ्यावरच्या ट्रंकेत, शालीच्या घडीत गुंडाळलेला एक रीडर, म्हणजे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, सापडला. नऊ-दहा वर्षांपूर्वी मीच तिला दिलेला. चार्जरला लावून तासभर वाट बघितली, ढिम्म. पण पडद्यावर पान होतं! वीज नाही, बॅटरी नाही, आणि एका रहस्यकथेचं पान स्वच्छ वाचता येतंय. खाली कोपऱ्यात ८७ टक्के.

आत्या म्हणाली, "अरे, तो इन्स्पेक्टर सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावतो ना, तिथेच अडकून बसलं मेलं. विष कोणी घातलं ते मला अजून माहीत नाही."

पान टिकतं याचं कारण साधं आहे. या पडद्यात केसाच्या जाडीएवढे बारीक गोळे असतात, साबुदाण्याचे नातू म्हणा. प्रत्येकात पांढरे आणि काळे कण, एकमेकांच्या उलट विद्युतभाराचे. वीज लागते ती फक्त कण वर-खाली करायला. वर आलेला कण तिथेच मुक्काम ठोकतो. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक जेकबसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हे जमवलं आणि १९९७ मध्ये ई इंक ही कंपनी निघाली. आत्याचा रीडर पान उघडं असताना लटकला, बॅटरी उतरत गेली, पान बदलायला कोणी उरलंच नाही.

तर सांगा: तुम्ही पहिल्यांदा पडद्यावर पुस्तक कधी, कशावर वाचलंत? मराठी कधी दिसलं त्यात? ते यंत्र आता कुठे आहे? दोन अटी. गाऱ्हाणं असेल तर कंपनीचं नाव घ्यायचं नाही, मागच्या धाग्यावर काय झालं ते आठवतंय. आणि कागदाचा वास हा विषय इथे निषिद्ध आहे.

हिंजवडी शटल

माझा पहिला पाम, तळहातावर मावणारा संगणक. साल २०००, ऑनसाइट होतो. हिरवट पडदा, १६० गुणिले १६० ठिपके, दोन बारके पेन्सिल सेल. एका वेळी दहा-अकरा ओळी दिसायच्या, की अंगठ्याने बटण. पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्गची, म्हणजे हक्क संपलेली पुस्तकं नेटवर ठेवणाऱ्यांची, फुकट. त्या प्रकल्पाची सुरुवात वाचली होती तेव्हा हसू आलं होतं. ४ जुलै १९७१, इलिनॉय विद्यापीठ, मायकेल हार्ट नावाच्या मुलाला मोठ्या संगणकावर वेळ मिळाला. त्याने काय करावं? अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा टंकला. तोही सगळा कॅपिटलमध्ये, लहान अक्षरं त्या यंत्राला ठाऊकच नव्हती. म्हणजे वाचायचं यंत्र यायच्या कितीतरी आधी पुस्तक येऊन बसलं होतं.

खरा रीडर मिळाला तो २००९ च्या शेवटी. ॲमेझॉनचा रीडर किंडल अमेरिकेत नोव्हेंबर २००७ मध्ये ३९९ डॉलरला आला आणि साडेपाच तासांत संपला, पण भारतात पाठवत नसत. ऑक्टोबर २००९ ला शंभराहून जास्त देशांसाठीची आवृत्ती निघाली, २७९ डॉलर. वर आयात कर. बायकोला मी डॉलरचा आकडा सांगितला, रुपयांचा नाही.

कोथरूडहून कंपनीच्या बसने जायचो. वाहतूक किती तुंबली ते मी पानांत मोजायचो. सुरुवातीला वाकडचा पूल सहा पानांत व्हायचा. नोकरी सोडली तेव्हा एक अख्खं प्रकरण लागत होतं. अभिजात रशियन साहित्य मी त्या पुलाच्या कृपेने संपवलंय.

मराठी? नावच नको. मराठी फाइल टाकली की ओळीने चौकोन. कुठल्या यंत्रात ते अटीप्रमाणे सांगत नाही.

जुळारी

वय ७१. १९७४ साली शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात जुळारी म्हणून लागलो. नव्या मंडळींसाठी सांगतो, केसमधले, म्हणजे खणाखणांच्या पेटीतले, शिशाचे अक्षरखिळे उचलून ओळ जुळवणारा तो जुळारी. उलटं वाचायची सवय अजून आहे, समोरच्याच्या हातातलं वर्तमानपत्र मी त्याच्याआधी वाचून टाकतो.

पुढे संगणक आला, पान लावायचा पेजमेकर आला, मराठी फॉन्टांची श्रीलिपी आली. श्रीलिपी पुण्याचीच, मोड्युलर कंपनीची. अप्पा बळवंत चौकात तुम्ही जी पुस्तकं घेतलीत त्यातली किती या फॉन्टांत लावलेली होती ते विचारू नका. अक्षर सुंदर, वळण घरचं. पण हिंजवडीकर, तुमच्या चौकोनांच्या जोडीला दुसरी गोष्ट सांगतो, ती आमच्या बाजूची आहे.

आमचं अक्षर मुळात सोंग होतं. संगणकाच्या लेखी तिथे कुठलं तरी रोमन अक्षर किंवा एखादं चिन्ह. वरून फॉन्टने मराठीचा मुखवटा चढवलेला. कागदावर छापायचं तर मुखवटा पुरतो. रीडरमध्ये वाचक अक्षर मोठं करणार, फॉन्ट बदलणार, शब्द शोधणार. फॉन्ट काढला की मुखवटा गळाला आणि आतली इंग्रजी भुतं बाहेर.

गंमत बघा, युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिपींच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, देवनागरी १९९१ पासून आहे, पहिल्या आवृत्तीपासून. तिची मांडणी इस्की या भारतीय लिपींच्या १९८८ च्या प्रमाणावरून घेतलेली. त्याच इस्कीवर चालणारं जिस्ट हे भारतीय लिपींचं तंत्र कानपूरच्या आयआयटीतून निघून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेकडे आलं. म्हणजे शहाणं मराठी गणेशखिंडीत बसलं होतं आणि आम्ही शनिवारात मुखवटे चढवत होतो. दोष कोणाचा नाही, आम्हाला छापील पान हवं होतं, ते मिळत होतं.

मग एक दिवस प्रकाशक आले, म्हणाले, ई-बुक करायचंय, फाइली आहेतच तुमच्याकडे, आठवड्यात द्या. जुन्या फॉन्टाचं युनिकोड करणारा कन्व्हर्टर लावला. आणि रफार सुटले.

जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी आम्ही आधी टंकायचो, मग अक्षर, कारण ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये अक्षर आधी, वेलांटी नंतर. रफाराचं बरोबर उलट. आम्ही तो सगळ्यात शेवटी डोक्यावर चढवायचो, युनिकोडला र् आधी लागतो. कन्व्हर्टर चुकला की 'मार्ग'चा 'मागर्' होतो, 'धर्म'चा 'धमर्'. मात्रा मध्ये असेल तर अजून मजा: 'पूर्वी'चं 'पूवीर्', 'सर्वांना'चं 'सवार्ंना'. नायिका 'सूयार्स्त' बघत बसलेली! एका ३२० पानी कादंबरीचे रफार जागच्या जागी बसवायला मला सत्तावीस दिवस लागले, आणि पैसे मिळाले आठवड्याचे.

खिळ्यांच्या काळात केस उलटी पडून सगळे खिळे एकत्र झाले की आम्ही त्याला खिचडी म्हणायचो. ही खिचडी त्याहून वाईट, कारण ती दिसत नाही. नजर 'मागर्'ला 'मार्ग' वाचून पुढे जाते.

मुलाने दिलेला रीडर मी स्वतः वापरतो. पहिल्यांदा उघडला तेव्हा गोष्ट वाचलीच नाही, जोडाक्षरं तपासत बसलो.

चष्मिष्ट

जुळारीकाका, 'सूयार्स्त' वाचून चहा नाकातून आला.

आमच्याकडे रीडर सासूबाईंचा. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा आजार, कडेचं दिसतं, मधलं नाही. पोथी वाचता येईना म्हणून हाय खाल्ली होती. मिस्टरांनी पोथी युनिकोडमध्ये मिळवून रीडरवर घातली आणि अक्षर सगळ्यात मोठं केलं. पानावर एक ओवी. कधी अर्धीच. रोजच्या अध्यायाला शेकडो वेळा बोट लावायचं, पण लावायच्या.

आधी प्रश्न पडला सोवळ्याचा. हे प्लॅस्टिक, कोणी कोणी हात लावलेला. दोन दिवस विचार करून त्यांनीच तोडगा काढला: रीडर वेगळा, त्याला खण शिवून, देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात. चार्जिंग आदल्या रात्री. खंडेनवमीला त्याच्या पाठीला हळदकुंकू, ते अजून बटणाच्या फटीत आहे.

त्यांचा रीडर उजेडवाला. हे उजेडवाले २०१२ नंतर सर्रास झाले. त्याचं मला कौतुक आहे, कारण दिवे पडद्याच्या मागे नसतात, कडेला असतात आणि उजेड पानावर सांडतो, डोळ्यांत येत नाही. पहाटे साडेचारला त्या वाचतात, आम्ही झोपलेले असतो.

कांजीखोर

मी सगळ्यांच्या आधीची गोष्ट सांगते. १९९३, रानडे इन्स्टिट्यूटमधला जपानी भाषेचा वर्ग. आमच्या सेन्सेईंकडे, म्हणजे शिक्षकांकडे, सोनीचा डेटा डिस्कमन होता. हे यंत्र जपानात १९९० ला निघालं. डब्याच्या झाकणासारखं उघडायचं, आत आठ सेंटिमीटरची चकती, वर इवलासा पडदा, खाली बटणं. चकतीवर अख्खा शब्दकोश. आम्ही वीस जण, आणि दर तासाला एकाचा नंबर, एकच शब्द शोधायचा. माझ्या वाट्याला आलेला शब्द अजून लक्षात आहे, 'कोमोरेबी', पानांच्या जाळीतून गाळून येणारं ऊन. चकती घरघरली, शब्द आला. बाहेर फर्ग्युसन रस्त्यावर तेव्हा झाडं होती आणि ते ऊनही.

२००४ ला तोक्योत कामाला होते तेव्हा दुकानात सोनीचा लिब्रिये पाहिला. ई इंकचा पडदा असलेला बाजारात आलेला पहिला रीडर. सहा इंच, ८०० गुणिले ६००. मी वर नख मारून पाहिलं, मला वाटलं नमुन्याचा कागद चिकटवलाय. दुकानदार हसला, असं करणारी मी पहिली नसणार. घेतला मात्र नाही. त्यावरची पुस्तकं साठ दिवसांनी मिटायची. एवढे येन मोजून पुस्तक भाड्याने?

कडवट काढा

आता माझी पाळी. निदान साठ दिवसांचं सांगून तरी होतं.

२०१३ ते १७ मी एका ॲपवर चाळीसेक मराठी पुस्तकं विकत घेतली. विकत, हा शब्द अधोरेखित. ॲप बंद पडलं. मेल आला का? आला असेल, जाहिरातींच्या ढिगात. पैसे गेले, पुस्तकं गेली, आणि मी समासात लिहिलेल्या टिपा गेल्या, त्याचं जास्त वाईट वाटतं. कंपनीचं नाव अटीमुळे गिळतो.

मोठ्यांचंही तेच. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने लोकांच्या किंडलमधून ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या दूरवरून पुसल्या. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, पैसे परत दिले, त्यांचे तेव्हाचे प्रमुख बेझोस यांनी माफीही मागितली, सगळं खरं. पण रात्रीत कोणी घरात शिरून फडताळातलं पुस्तक उचललं आणि टेबलावर पैसे ठेवून गेलं, तर त्याला मी पोलिसांत देईन. आणि तेही ऑर्वेल, पाळत ठेवणाऱ्या सत्तेवर लिहिणारा! २६ फेब्रुवारी २०२५ पासून तर विकत घेतलेली फाइल संगणकावर उतरवून केबलने नेण्याची सोयसुद्धा त्यांनी काढली.

पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं आहे. तिथलं पुस्तक उशिरा दिलं तर दंड होतो, पुस्तक हवेत विरत नाही. मी आता रीडर वापरतो तो फक्त हक्क संपलेल्या जुन्या पुस्तकांसाठी, आणि प्रत्येक फाइलच्या दोन प्रती दोन पेनड्राइव्हवर. म्हणा विक्षिप्त.

शाळेची घंटा

काढ्याला उतारा म्हणून एक माणूस, खरं तर एक बाई. आंखेला रुईस रोब्लेस, स्पेनमधल्या फेरोल गावच्या शिक्षिका. १९४९ मध्ये त्यांनी यांत्रिक पुस्तकाचं पेटंट घेतलं. पेटीत विषयवार गुंडाळ्या, वर पारदर्शक झाकण, हवा तो धडा फिरवून आणायचा. हेतू काय, तर मुलांच्या दप्तराचं ओझं कमी व्हावं. नमुना बनला, तो आजही स्पेनच्या विज्ञान-तंत्रज्ञान संग्रहालयात आहे, पण बाजारात काही आला नाही.

मी बत्तीस वर्षं मराठी शिकवलं. दप्तराच्या ओझ्यावरची परिपत्रकं माझ्याकडे फाइलभर आहेत, तीही दप्तरात घालून न्यावी लागायची. स्वतःचा अनुभव मात्र छोटा: बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळायला लागली तेव्हा ती रीडरवर घातली. अक्षर मुंगीएवढं. मोठं केलं तर अर्धी ओळ पडद्याबाहेर. पीडीएफ म्हणजे पानाचा फोटोच की, ते वळणार कसं? परत पुस्तक काढलं.

पांढरी काठी

मी जन्मापासून बघत नाही. पडदा कसा आहे, ठिपके किती, याचं मला सोयरसुतक नाही. मला पुस्तक म्हणजे पूर्वी ब्रेलचे जाडजूड खंड, नाहीतर कॅसेट. कॅसेट आमच्या वाड्यातल्या एक कुलकर्णीकाकू वाचून भरायच्या. मध्येच कुकरची शिट्टी यायची, ती आजही त्या कथेचा भाग वाटते.

मग एनव्हीडीए आलं, पडद्यावरचं वाचून दाखवणारं फुकटचं स्क्रीन रीडर, २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या तरुणाने सुरू केलेलं. त्यात ईस्पीकचा आवाज मराठीही बोलतो. बोलतो म्हणजे, रोबो अनुनासिकं गिळत बोलल्यासारखा. पण त्या आवाजाने मला पहिल्यांदा कोणाची वेळ न मागता मराठी पुस्तक वाचायला दिलं. रात्री दोनला. दुप्पट वेगाने. घरचे म्हणतात भांडी पडल्यासारखं वाटतं, मला प्रत्येक शब्द कळतो.

जुळारीकाका, तुमचे 'मागर्' आणि 'पूवीर्' मी कानांनी ऐकलेत. डोळस माणूस नजरेने दुरुस्त करून पुढे जातो, माझा आवाज तसा दयाळू नाही, तो जे आहे तेच वाचतो. 'सवार्ंना'ला तर तो अडखळतो, उचकी लागल्यासारखा. आणि मुखवटेवाल्या पीडीएफ? त्यात मराठी कादंबरी उघडली की शुद्ध इंग्रजी उच्चारात अक्षरं आणि चिन्हांची माळ. एकदा परीक्षेच्या आदल्या रात्री संदर्भग्रंथ असा निघाला. शेवटी मित्राने फोनवर वाचून दाखवला, पहाटेपर्यंत.

२०१६ ला सुगम्य पुस्तकालय हे आमच्यासारख्यांचं ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं, तिथून डेझी या ऐकायच्या पुस्तकांच्या स्वरूपात पुस्तकं उतरवता येतात, प्रकरणावरून प्रकरणावर उडी मारता येते. मराठी पुस्तकं आहेत, पण मला हवं ते सापडेल याची खात्री नसते.

काका, ते सत्तावीस दिवस. ती कादंबरी कुठली ते व्यनि (खासगी निरोप) करता का?

जुळारी

करतो. आणि राहिलेले रफार सापडले तर कळवा. तुमच्याइतका कडक मुद्रितशोधक मला मिळाला नव्हता.

मुडपलेला ल

छोटासा. आमची लेक पहिलीत. डिसेंबर २०१६ मध्ये किंडलच्या दुकानात अधिकृतपणे मराठी पुस्तकं यायला लागली, तेव्हापासून मी त्यावर मराठी वाचतोय, सरावलेलो. परवा लेकीने माझ्या खांद्यावरून पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, हा ल चुकलाय. आणि श पण. बाई मार्क कापतील."

बरोबर होतं तिचं! हिंदी वळणाचा ल, दंड असलेला. आपला पाकळीचा ल नाही. इतकी वर्षं वाचून माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग कॅलिबर काढलं. हे कॅलिबर सॉफ्टवेअर म्हणजे ई-पुस्तकवाल्यांचा स्विस चाकू. कोविद गोयल या भारतीय मुलाने २००६ मध्ये, स्वतःचा सोनी रीडर लिनक्सशी बोलेना म्हणून लिहायला घेतलेलं, आजही फुकट. त्यात फाइल घेऊन मराठी वळणाचा फॉन्ट आत बसवला. लेकीने पान तपासलं, पेन्सिलने पडद्यावर बरोबरची खूण केली. ती पुसली जात नाहीये.

अर्धं पान

सगळ्यांचे आभार. आत्याच्या रीडरचं काय झालं असं तिघांनी विचारलंय, तर सांगतो.

तपकीर गल्लीत घेऊन गेलो. दुकानदाराने नखाने पाठ उघडली, म्हणाला, बॅटरी फुगलीये, या मॉडेलची मिळणार नाही, आणि मदरबोर्डही गेलाय. पडदा मात्र ठणठणीत. "ठेवा शोकेसमध्ये, पान जाणार नाही," म्हणाला. पैसे घेतले नाहीत.

मग हिंजवडी शटल यांनी व्यनि करून पुस्तकाचं नाव विचारलं, आणि त्यांच्या सासऱ्यांच्या कपाटातली छापील प्रत काल संध्याकाळी घरपोच आणून दिली. मी ती घेऊन लगेच आत्याकडे. तिने चष्मा लावला, पुस्तक लांब धरलं, जवळ धरलं, खिडकीपाशी नेलं. दिवाणखान्याचा प्रसंग सापडला. मी श्वास रोखून.

"अक्षर फारच बारीक आहे रे," म्हणाली. "हे मोठं कसं करायचं?"

शेवटची छत्तीस पानं मी तिच्या मोबाइलवर फोटो काढून दिलीत. आत्ता ती दोन बोटांनी पानं ताणत बसलीये आणि मला सांगते आहे की संशय पहिल्यापासून डॉक्टरवरच होता.